‘अनियमित’ म्हटलेले तारे

ज्या ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत राहते त्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. जगात अशा ताऱ्यांची एक सर्वमान्य यादी आहे. बोरिस कुकार्किन आणि पावेल पारेनागो या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञांनी तिची पहिली आवृत्ती १९४८ साली काढली, आणि आजही ती मॉस्कोतूनच ठेवली जाते. यादी म्हटली की खाने आले. तारा कसा बदलतो, किती दिवसांनी बदलतो, किती बदलतो, यावरून त्याचा खाना ठरतो. त्यांतला एक खाना ‘एल’ या अक्षराचा आहे. ‘सावकाश बदलणारे, अनियमित’ असा त्याचा अर्थ. या खान्याची व्याख्या देताना यादीकर्त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून ठेवली आहे: पुष्कळ तारे या खान्यात पडतात ते त्यांचा पुरेसा अभ्यास झालेला नाही म्हणून, नीट पाहिले तर त्यांतले कितीतरी दुसऱ्याच खान्यातले निघतील.

मला ही कबुली फार मोलाची वाटते. नोंदवही ठेवणाराने वहीतच लिहून ठेवावे की हा शेरा ताऱ्यापेक्षा आमच्या पाहण्याविषयी अधिक सांगतो, हे सहसा घडत नाही. या लेखात मला या एका शेऱ्याविषयी लिहायचे आहे. तो केव्हा खरा असतो, केव्हा नसतो, आणि ते ठरवायला काय लागते, एवढेच.

प्रथम नियमित कशाला म्हणतात ते पाहू. अल्गोल नावाचा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो. तेथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याला झाकतो, म्हणून हे घडते. तिमिंगल तारकासमूहातला मायरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत फुगतो-आकसतो. कधी डोळ्यांना ठळक दिसतो, कधी नाहीसा होतो. अशा ताऱ्यांचे वेळापत्रक मांडता येते. ‘एल’ खान्यातल्या ताऱ्यांचे मांडता येत नाही. ते काही महिने चढतात, मध्येच रेंगाळतात, उतरतात, पुन्हा चढतात. पण पुढचा चढ केव्हा आणि किती, हे मागच्या चढावरून सांगता येत नाही.

हे तारे दूरचे, अनोळखी, दुर्बिणीतूनच दिसणारे असतील असे वाटेल. तसे नाही. रोहिणी आणि ज्येष्ठा ही नावे आपल्याकडे निरक्षर माणसालाही ठाऊक आहेत. रोहिणीचा पाऊस पडला की शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. या दोन नक्षत्रांचे मुख्य तारे त्या यादीत ‘एल’ खान्यातच आहेत. रोहिणीच्या ताऱ्याचा बदल अगदी थोडा, डोळ्याला सहसा न कळणारा. ज्येष्ठेचा त्याहून बराच अधिक. मृगातला तांबडा काक्षी, ज्याला पाश्चात्य बीटलज्यूज म्हणतात आणि ज्याला आर्द्रा नक्षत्राचाही तारा मानतात, तो शेजारच्या ‘अर्धनियमित’ खान्यात आहे. पण त्याची वागणूक इतकी बेभरवशाची आहे की या चर्चेत त्याला वगळता येणार नाही. उलट त्याच्याच आधाराने ही चर्चा चांगली कळते.

ज्येष्ठेविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. या नक्षत्रावर मूल जन्मले तर घरातल्या वडीलधाऱ्यांना पीडा होते असा समज आहे. त्यासाठी शांत करतात, दक्षिणा देतात. ज्येष्ठेचा तारा आपल्यापासून सुमारे ५५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा त्या घरातले कोणी जन्मले नव्हते, त्यांचे पणजोबाही जन्मले नव्हते. चंद्र त्या दिवशी त्या दिशेला होता, एवढाच त्या मुलाचा आणि ताऱ्याचा संबंध. तरी नवजात मुलाच्या नावापुढे जन्मताच एक शेरा पडतो, आणि तो काढायला पैसे मोजावे लागतात.

शेऱ्यांचा विषय निघाला आहे तर माझ्या धंद्यातले एक उदाहरण देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत आलो. शाळेच्या हजेरीपटात ‘अनियमित’ हा शेरा नेहमीचा. ऊसतोड कामगारांच्या मुलांपुढे तो हटकून दिसायचा. हजेरीपटाचे पान महिन्याचे असते. महिना संपला की बेरीज होते आणि पान उलटते. त्या एका पानावर पाहिले तर मूल खरेच अनियमित दिसते. पण त्याच मुलीची चार वर्षांची पाने शेजारी शेजारी ठेवा. दिवाळीच्या आसपास ती जाते, उन्हाळा लागता लागता परत येते. दर वर्षी, जवळजवळ त्याच आठवड्यांत. मध्ये एखादे वर्ष दुष्काळाचे येते, ऊसच नसतो, तेव्हा ती वर्षभर शाळेत असते. तिच्या गैरहजेरीला नियम होता, आणि तो साखर कारखान्यांच्या गाळपाच्या हंगामात सापडला असता. महिन्याच्या पानात तो मावणे शक्यच नव्हते.

ताऱ्यांच्या बाबतीतही अगदी हेच घडत आले आहे. ज्या ताऱ्याचा फेरा सहा वर्षांचा आहे त्याच्याकडे दोन वर्षे पाहिले तर फेरा दिसणार कसा? त्यात पावसाळ्याचे ढग, चंद्राचा उजेड, आणि वर्षातले काही महिने तारा सूर्याच्या बाजूला गेल्यामुळे पडणारी खाच. नोंदींत भोके पडतात, आणि भोकांतून नियम गळून जातो. पुढे वर्षानुवर्षांच्या नोंदी जमल्या, तसे या खान्यातले काही तारे अर्धनियमित ठरून दुसऱ्या खान्यात गेले.

मात्र ही तुलना येथेच थांबवली पाहिजे. प्रत्येक अनियमिततेमागे लपलेला नियम असतोच, असे म्हणणे सोपे आणि गोड आहे, पण ते खरे नाही. काही तारे खरोखर अनियमित आहेत. तारा आपल्या म्हणण्याला दाखला व्हावा म्हणून आकाशात उगवत नाही. तो जसा आहे तसा समजून घ्यायचा, तर त्याच्या पोटात शिरले पाहिजे.

हे सारे तारे तांबडे आणि अवाढव्य आहेत. मराठी पुस्तकांत त्यांना ‘तांबडे राक्षसी तारे’ म्हणतात. इंग्रजीतल्या शब्दाचा अर्थ नुसता प्रचंड देहाचा माणूस असाही होतो. भाषांतरकारांना मात्र मोठ्या देहासाठी राक्षसच आठवला. मी महाकाय म्हणेन. तारा आयुष्यभर आपल्या गाभ्यातला हायड्रोजन जाळून उजेड देतो. गाभ्यातला हायड्रोजन सरला की गाभा आकसतो, तापतो, आणि वरची थरे फुगत जातात. फुगली की थंड होतात. थंड म्हणजे ३,००० ते ४,००० अंश, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा बरीच कमी. म्हणून रंग तांबडा. रोहिणीचा तारा सूर्याच्या सुमारे ४५ पट रुंद आहे. काक्षी आणि ज्येष्ठा हे त्याहूनही पुढचे. सूर्याच्या सुमारे ७०० पट. काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे सगळे त्याच्या पोटात जातील.

एवढ्या फुगलेल्या ताऱ्याची वरची थरे अतिशय विरळ असतात आणि गाभ्याची त्यांच्यावरची पकड सैल असते. त्यामुळे अशा ताऱ्याला घट्ट कडा नसते. तो थरथरतो, फुगतो-आकसतो, आणि त्याच्या पोटात उष्णता वर आणण्याचे काम चालू असते ते भातासारखे. आधण आलेल्या भाताच्या पातेल्यात खालचे तापलेले पाणी वर येते, निवते, बाजूने खाली जाते. यालाच अभिसरण म्हणतात. सूर्यातही ते आहे. पण सूर्याच्या पृष्ठभागावरचा असा एकेक बुडबुडा सुमारे १,००० किलोमीटरचा असतो आणि काही मिनिटांत विरतो. असे लक्षावधी बुडबुडे एकाच वेळी असतात. एक विरला की दुसरा येतो, आणि एकूण उजेडात फरक पडत नाही. मोठ्या सभेतला एक माणूस उठून गेला तर कोणाच्या लक्षात येत नाही, तसे.

१९७५ साली मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी हिशोब मांडला की महाकाय ताऱ्यांवर हे बुडबुडे लक्षावधी असणार नाहीत. ते मोजके, पण प्रचंड असतील. सभेत पाचच माणसे असली आणि त्यांतले एक उठले, तर सभा रिकामी वाटते. एक तापलेला बुडबुडा वर आला की तारा उजळणार, एक निवलेला मोठा डाग समोर आला की मंदावणार. पुढचा बुडबुडा केव्हा आणि कोठे वर येईल याचे वेळापत्रक नसते. म्हणजे येथली अनियमितता खरी आहे. ती आपल्या अपुऱ्या पाहण्यातून आलेली नाही. श्वार्झशिल्डांच्या हिशोबाला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मिळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. दक्षिण आकाशातल्या ग्रस तारकासमूहातील एका लाल महाकाय ताऱ्याच्या पृष्ठभागाचे चित्र २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरचे बुडबुडे सुमारे १२ कोटी किलोमीटर रुंद होते. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. ज्येष्ठेच्या वातावरणातल्या वायूच्या हालचालींचा नकाशा २०१७ साली तयार झाला. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा असा तो पहिला नकाशा. त्यात वायूचे खवळलेले लोट अपेक्षेपेक्षा फार दूरवर उसळताना दिसले, इतके की नुसत्या अभिसरणाने त्यांचा उलगडा होईना.

दुसरे कारण लयींच्या सरमिसळीचे आहे. तारा एकाच चालीने थरथरत नाही. त्याची एक चाल काही महिन्यांची, दुसरी काही वर्षांची असू शकते. दोन हलग्या किंचित वेगळ्या लयीत वाजत असल्या की कधी ठोके एकत्र पडतात आणि आवाज दणदणतो, कधी एकमेकांच्या मध्ये पडतात आणि गोंधळ वाटतो. दुरून ऐकणाराला ताल चुकला असे वाटेल. दोन्ही वाजवणारे मात्र आपापल्या तालात असतात. काक्षीला अशा दोन मुख्य चाली आहेत: एक सुमारे ४०० दिवसांची, दुसरी सुमारे २,१०० दिवसांची, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांची. त्यांवर बुडबुड्यांचा बेताल. या सगळ्याची बेरीज आपल्याला दिसते.

२०१९ च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंदावू लागला. ताऱ्याच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात आणि तो आकडा जितका मोठा तितका तारा मंद. काक्षीची प्रत साधारणपणे ०.५ च्या आसपास असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ पर्यंत घसरली. म्हणजे नेहमीच्या प्रकाशाचा जेमतेम एक तृतीयांश उरला. मृगाच्या चार पायांतला दुसरा एक पाय, ज्याच्याकडे एरवी कोणी पाहत नाही, तो आणि काक्षी सारखेच दिसू लागले. आता तारा फुटणार, अशी आवई जगभर उठली. काक्षी एक दिवस फुटणार आहे हे खरे. पण तो दिवस ठरवायची भाषा हजारो-लाखो वर्षांची आहे. एप्रिल-मे पर्यंत तारा पूर्ववत उजळला, आणि वर्तमानपत्रांना त्याचा विसर पडला.

मग झाले होते काय? योगायोगाने चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे मंदावण्याच्या आधी, त्याचे चित्र घेतले होते. डिसेंबरच्या चित्रात ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला होता. हबल दुर्बिणीने शरद ऋतूत तापलेला, दाट वायू ताऱ्यातून बाहेर पडताना टिपला होता. २०२१ साली या सगळ्याची सांगड घालण्यात आली: ताऱ्याने वायूचा एक मोठा लोट बाहेर फेकला, त्यानंतर त्याच बाजूचा पृष्ठभाग थोडा निवला, त्यामुळे बाहेरचा वायू गोठून धूळ झाली आणि ती धूळ आपल्या नजरेच्या आड आली. मंदावलेला तारा अर्धा निवलेला होता आणि अर्धा धुळीने झाकलेला.

सहा वर्षांच्या चालीचे कोडे मात्र यातून सुटत नव्हते. ताऱ्याच्या थरथरण्यातून एवढी लांब चाल निघत नाही. २०२४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी असे मांडले की काक्षीभोवती एक लहान सोबती तारा फिरत असावा आणि त्याच्या फेऱ्याची ही चाल असावी. त्यांतल्या एका गटाने शंभर वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. २०२५ साली हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीने काक्षीच्या झगमगाटात, अगदी त्याच्या कडेला, एक अंधुक ठिपका पकडला. तो सोबतीच असावा, असे ते शास्त्रज्ञ म्हणतात. नोव्हेंबर २०२७ मध्ये तो काक्षीपासून जास्तीत जास्त बाजूला येईल तेव्हा पुन्हा पाहायचे आहे. महाकायाच्या विरळ वातावरणात फिरणारा, त्याच्या उजेडात लुप्त झालेला एक लहान तारा. आणि त्याची चाल आजवर महाकायाच्या लहरीपणाच्या खात्यावर लिहिली जात होती.

शंभर वर्षांच्या नोंदी असे आपण सहज म्हणून जातो. त्या ठेवल्या कोणी?

पुस्तकांत लिहिलेले असते की काक्षीचे तेज बदलते हे जॉन हर्शेल यांनी १८३६ साली ओळखले. हर्शेल मोठे निरीक्षक होते यात शंका नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटाच्या कडेला ऊल्डिया नावाची जागा आहे, तिथल्या आदिवासींची एक कथा ऐका. मृगाचा पुरुष, न्यीरुना, कृत्तिकेच्या बहिणींच्या मागे लागतो. त्यांची थोरली बहीण कंबुगुधा रोहिणीच्या जागी वाट अडवून उभी असते. रागाने त्याच्या उजव्या हातात जादूचा अग्नी भरतो. तो हात म्हणजे काक्षी. ती त्याच्या तोंडावर धूळ उडवते, आपल्या डाव्या पायात अग्नी भरते. तो पाय म्हणजे रोहिणीचा तारा. त्याची फजिती होते आणि हातातला अग्नी विझत जातो. काही काळाने तो पुन्हा भरतो. डेझी बेट्स या बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कथा टिपली. त्यांनी या लोकांविषयी लिहिलेले इतर बरेच काही आज कोणी मान्य करणार नाही, पण ही कथा त्यांच्यामुळे कागदावर राहिली. डुएन हमाकर या संशोधकाने २०१८ साली दाखवून दिले की या कथेत काक्षीच्या तेजाचा चढउतार स्पष्ट सांगितला आहे, आणि तोही एकदाच नव्हे, परत परत होणारा. डोळा त्यांचाही होता, आकाशही तेच होते. वही नव्हती म्हणून ते निरीक्षण ‘कथा’ ठरले.

हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडमधून आलेली, नवऱ्याने टाकलेली बाई संचालकांच्या घरी मोलकरीण होती. १८८१ पासून ती वेधशाळेत कायम कामाला लागली आणि छायाचित्रांच्या काचा तपासून तिने तीनशेच्या वर रूपविकारी तारे शोधून काढले. पुरुष सहायकांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो, ही तक्रार तिने १९०० साली आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

आणि आपल्याकडचे राधागोविंद चंद्र. जेसोरजवळच्या बागचर गावचे. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झालेले, सरकारी खजिन्यात किरकोळ पगाराची नोकरी करणारे. लहानशी दुर्बीण विकत घेऊन ते रात्री ताऱ्यांची तेजे मांडत. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात अचानक उजळलेला तारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला आणि हार्वर्डला कळवला. त्यानंतर अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संस्थेचे ते सभासद झाले. त्या संस्थेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली. फाळणीने त्यांचे गाव गेले. १९७५ साली बारासातला ते वारले. नोंद करताना परीक्षेचा निकाल कोणी विचारत नाही. तारीख, वेळ, प्रत, एवढे तीन आकडे खरे असले की झाले.

ते कसे करायचे, हेही सांगतो. मी स्वतः बरीच वर्षे गच्चीवरून करतो. दुर्बीण लागत नाही. ज्या ताऱ्याचे तेज मांडायचे त्याच्याहून थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन स्थिर तारे निवडायचे आणि आपला तारा त्यांच्यामध्ये कोठे बसतो ते ठरवायचे. काक्षीसाठी एका बाजूला प्रश्वा (०.४), दुसऱ्या बाजूला पुनर्वसूतला तेजस्वी तारा (१.१) चालतो. रोहिणी सोयीची जागा आहे, पण ती स्वतःच ‘एल’ खान्यातली, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ज्येष्ठा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत संध्याकाळी दक्षिणेकडे दिसते, तिच्यासाठी श्रवण (०.८) आणि चित्रा (१.०) घ्यावे. तिन्ही तारे आकाशात सारख्याच उंचीवर असताना पाहावे, कारण क्षितिजाजवळ हवा उजेड खाते. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये. जितके पाहावे तितका तो अधिक तेजस्वी भासतो. झरकन एकदा इकडे, एकदा तिकडे पाहून आकडा लिहावा. कालचा आकडा आधी वाचू नये, नाहीतर डोळा तोच आकडा पुन्हा पाहतो. आठवड्यातून एकदा पुरे. हे तारे सावकाश बदलतात. ढग असले तर वहीत ‘ढग’ एवढेच लिहावे, आकडा भरू नये.